नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय?

अमेरिकेतल्या नॅस्कर या संस्थेच्या स्टॉक कार (दिसायला साध्या मोटारींसारख्या रेसिंग गाड्या) शर्यतींबद्दल वर्षानुवर्षं हेच ऐकू येतं: ॲक्सिलरेटर दाबून धरा, डावीकडे वळत राहा, झाली शर्यत. ओव्हलवरची, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरची, वळणं डावीकडची असतात, एवढंच यातलं खरं.

साऊथ कॅरोलिनातलं डार्लिंग्टन बघा. १९५० मध्ये सुरू झालेला हा १.३६६ मैलांचा ट्रॅक अंडाकृती झाला, कारण जमीन देणाऱ्याला आपलं माशांचं तळं मोडायचं नव्हतं! म्हणून एका टोकाची वळणं ऐसपैस, दुसऱ्या टोकाची आवळलेली. वळणांवर ट्रॅक आतल्या बाजूला कललेला असतो; तो कलही एकीकडे २५ अंश, दुसरीकडे २३. एका टोकाला जुळवलेली गाडी दुसऱ्या टोकाला रुसते. मागची चाकं घसरली की ड्रायव्हरला स्टिअरिंग चक्क उजवीकडे फिरवावं लागतं.

मार्टिन्सव्हिल जेमतेम अर्ध्या मैलाचं, कल १२ अंश. तिथे प्रत्येक फेरीत दोनदा कचकचून ब्रेक. डेटोनाला ३१ अंशांच्या कलामुळे पाय दाबून ठेवता येतो खरा. पण पुढच्या गाडीच्या आडोशाने हवेचा विरोध चुकवत, इंचभर अंतरावरून ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळायचं असतं. शिवाय सोनोमा, वॉटकिन्स ग्लेनसारख्या ओव्हल नसलेल्या ट्रॅकवर उजवी वळणंही येतातच.