बर्नआउट : लक्षणे आणि ओळख

कामाच्या ठिकाणचा ताण महिनोन्‌महिने साचत गेला आणि त्यावर उपाय झाला नाही, की माणसाची जी अवस्था होते तिला बर्नआउट म्हणतात. ‘कामाचा वीट आला’ असे आपण सहज म्हणतो. पण तो वीट चार दिवसांत जातो, ही अवस्था जात नाही. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारे स्वयंसेवक हळूहळू कोरडे पडत गेलेले पाहून मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (१ जानेवारी २०२२ पासून लागू) ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेली आहे.

तिची अंगे तीन : शक्ती आटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. थकवा सगळ्यांना कळतो. निसटते ते दुसरे अंग, कारण त्याचे खापर स्वभावावर फुटते. नव्या मुलांना खुर्ची ओढून शेजारी बसवणारा सीनियर आता हेडफोन न काढताच ‘डॉक्युमेंट वाच’ म्हणतो. निवासी डॉक्टरच्या तोंडी पेशंटचे नाव जाऊन ‘सात नंबरची कॉट’ येते. असा बदल माणसाच्या स्वतःच्या लक्षात बहुधा शेवटी येतो; आधी तो घरच्यांना आणि शेजारच्या टेबलाला दिसतो. म्हणून ‘हल्ली तू फार तुटक बोलतोस’ हे वाक्य टोमणा म्हणून सोडून देऊ नये.

साधा शीण आणि बर्नआउट यांतला फरक विश्रांतीने कळतो. दोन आठवडे रोज सकाळी उठल्याबरोबर ताजेपणाला दहापैकी गुण द्यावेत आणि झोपेची वेळ लिहावी. सुट्टीत गुण वाढून निदान दोन-तीन दिवस टिकले, तर तो शीण समजावा. पूर्ण झोपूनही आकडा हलत नसेल, किंवा सुट्टीच्या संध्याकाळीच छातीत धडधड सुरू होत असेल, तर प्रश्न झोपेपुरता राहिलेला नाही. मात्र फोन चालू ठेवून घेतलेली सुट्टी या मोजणीत धरू नये.

पुण्यात ही विश्रांती तुटण्याची कारणे ठरलेली आहेत. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतल्या ज्यांचा क्लायंट न्यूयॉर्कला आहे, त्यांचा तिथला सकाळी ९ चा कॉल उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला येतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसातला. कॅलिफोर्निया असेल तर तोच कॉल रात्री साडेनऊ-साडेदहाला. त्या कॉलसाठी सहा वाजता घेतलेल्या कॉफीतले जवळजवळ निम्मे कॅफिन अकरा वाजताही अंगात असते. भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि मुलांची शाळा बंद रविवारी. त्यात पाळी बदलत राहिली तर घरात असूनही घर भेटत नाही.

नैराश्याशी गल्लत मात्र महागात पडते. बर्नआउटमध्ये, निदान सुरुवातीला, कामाबाहेरचा आनंद शाबूत असतो : गणपतीआधी ढोलपथकाच्या सरावाला पाय आपोआप वळतात, रविवारी सिंहगड चढावासा वाटतो. हेही नकोसे झाले, भूक बदलली, दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत राहिले, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे; सरकारी ससून रुग्णालयातही हा विभाग आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणे अगदी नेहमीचे आहे आणि त्याचा थकवा समुपदेशनाने जात नाही. बर्नआउट मोजणारी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांची २२ प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध आहे, पण ती संशोधनासाठी आहे. तिच्या ऑनलाइन नकला भरून स्वतःच निदान करू नये.

उपाय करताना दोन चुका वारंवार होतात. एक, पहाटे पाचची जिम लावून झोप आणखी तोडणे. दुसरी, सर्वांत वाईट दिवशी राजीनामा पाठवणे. त्याआधी दुखणे कुठे आहे ते शोधावे : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक की मूल्यांचा झगडा. या सहांपैकी बोजा एकट्या सुट्टीने थोडा हलका होतो, बाकीचे पाच होत नाहीत. मॅनेजरशी बोलताना ‘फार ताण आहे’ म्हटले तर उत्तरही तितकेच मोघम येते. ‘आठवड्यात पाच रात्री कॉल आहेत, ते दोनवर आणू आणि उरलेले आळीपाळीने घेऊ’ असे मोजून मागावे, आणि महिन्याने पुन्हा तीच गुणांची वही उघडून बघावी.