‘मागचे स्पीकर’ आले कुठून?

पुण्यात होम थिएटर बसवताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मागचे स्पीकर कुठे लावायचे?’ तपकीर गल्लीतल्या दुकानदारापासून फ्लॅटचं वायरिंग करणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द. पाच स्पीकरच्या मांडणीत खरं तर ‘मागचा’ असा स्पीकरच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

शब्द जुना आहे. 1970च्या दशकातल्या क्वाड्राफोनिकमध्ये, म्हणजे चार स्पीकरच्या मांडणीत, दोन स्पीकर पुढच्या कोपऱ्यांत, दोन मागच्या. एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भाऊगर्दीत तो प्रकार लवकरच बंद पडला, शब्द तेवढा उरला. 1980च्या दशकात सिनेमाचा सराउंड, म्हणजे ऐकणाऱ्याला वेढणारा आवाज, घरात आला, तोही एकाच चॅनलचा. स्पीकर दोन लावले तरी दोन्हींतून आवाज एकच, म्हणून ते नेमके कुठे आहेत याने फार बिघडत नसे.

5.1ने, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर अशा मांडणीने, हे बदललं. 1992मध्ये थिएटरात आणि पुढे डीव्हीडीबरोबर घरात आलेल्या या पद्धतीत डावा आणि उजवा सराउंड स्वतंत्र झाले. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत पुढचे दोन 30 अंशांवर आणि सराउंड 100 ते 120 अंशांवर आहेत. टीव्ही शून्यावर धरला तर आपला कान 90 अंशांवर येतो. म्हणजे सराउंड कानाच्या बाजूला, जेमतेम मागे. ही तडजोड आहे, पण माझ्या मते फार विचारपूर्वक केलेली. स्पीकर 150 अंशांवर नेला की बाजूला 120 अंशांची पोकळी पडते आणि पुढून मागे जाणारी गाडी मध्येच हरवते. शिवाय आवाजाने वेढल्यासारखं वाटतं ते मुख्यतः बाजूच्या आवाजामुळे.

पुढे आणखी दोन स्पीकरचं 7.1 आलं आणि 135 ते 150 अंशांवर खरोखरच मागचे स्पीकर आले. गोंधळ उलट वाढला. सिंहगड रोडला मावशीकडे रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) ओढून पाहिला, तर पाच स्पीकरच्या सेटमधल्या दोन तारा ‘सराउंड’ऐवजी 7.1साठीच्या ‘सराउंड बॅक’ला खोचलेल्या. मागचे म्हणून! दोन वर्षं ते स्पीकर मुके होते.

आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीलाच टेकलेला असतो. हॉल 11 फूट रुंद आणि डोकं भिंतीपासून दीड फूट असेल, तर मागच्या कोपऱ्यातला स्पीकर साधारण 105 अंशांवर येतो. म्हणजे तिथे कोपराच योग्य.

उंचीचं मात्र तसं नाही. जुना सल्ला कानापेक्षा दोनेक फूट वर लावण्याचा होता, म्हणजे कडेला बसणाऱ्याच्या कानावर स्पीकरचा आवाज आदळत नाही. 2014नंतर घरात छताचे स्पीकर आले, तेव्हा वरचा आणि खालचा आवाज वेगळा कळावा म्हणून सराउंड कानाच्या पातळीजवळ आणायला सांगू लागले. मावशीच्या फ्लॅटमध्ये ताबा मिळण्यापूर्वीच तारांचे पाइप छतालगत काढून ठेवले होते. शेवटी तिथून केसिंग पट्टी मारून तारा साडेपाच फुटांवर, म्हणजे बसलेल्याच्या कानापेक्षा दोनेक फूट वर, उतरवल्या.