शाहीर आणि गोंधळी : पोवाडा दोघांचा, रीत वेगळी

शिवजयंती जवळ आली की ठाण्यातील किसननगर, लोकमान्यनगरपासून नवी मुंबईतील कोपरखैरणे, घणसोलीपर्यंतच्या मंडळांमध्ये पोवाडा गाणाऱ्यांची चौकशी सुरू होते, आणि लग्नसराईत याच वस्त्यांतून गोंधळ्यांना बोलावणी जातात. माथाडी कामगारांच्या निमित्ताने सातारा-सांगलीकडून आलेली कुटुंबे इथे मोठ्या संख्येने असल्यामुळे दोन्ही कार्यक्रम डोळ्यांखालचे आहेत. तरीही डोक्याला फेटा, हातात तुणतुणे, मागे साथीदार आणि गाण्यात शिवरायांचे नाव एवढे दिसले की त्या माणसाला सरसकट ‘शाहीर’ म्हटले जाते, तर कुणी पोवाडा ऐकूनही ‘गोंधळ छान झाला’ असे सांगून जातो.

ही गल्लत अडाणीपणातून आलेली नाही, तिला इतिहासाचा आधार आहे. आज उपलब्ध असलेल्या जुन्या पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफजलखानवधावरील पोवाडा अग्रभागी येतो. तो प्रसंग 1659 मधला. त्यानंतरचा तुळशीदासाचा पोवाडा 1670 मधील सिंहगडाच्या लढाईवर, म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमावर आहे. हे पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिले ते प्रामुख्याने गोंधळ्यांच्या मुखातून. मुंबईचे पालिका आयुक्त असलेले हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये छापला, तेव्हा त्या सामग्रीचा मोठा भाग गोंधळ्यांकडूनच मिळालेला होता. गोंधळी पोवाडा गात नाही, असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. फरक पाहायचा तो गाणे कशासाठी उभे राहते यात.

गोंधळ हा मुळात कुळाचार आहे. तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका ज्यांची कुलदेवता, त्यांच्या घरी लग्न, मुंज किंवा नवस फेडण्याच्या निमित्ताने तो घातला जातो. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई असे दोन मुख्य भेद असून हा वारसा घराण्यातून चालत येतो. पाटावर नवे वस्त्र अंथरून त्यावर धान्याचा चौक भरतात, कलश, विड्याची पाने आणि नारळ मांडतात, शेजारी दिवटी पेटते आणि तिच्यावर अधूनमधून तेल घातले जाते. मग आवाहन सुरू होते. तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशा एकेका देवतेला तिच्या गावासकट नाव घेऊन गोंधळाला येण्याची विनंती केली जाते आणि घरातली वडीलधारी माणसे हात जोडून उभी राहतात. देवतांची ही यादी पुरी झाल्यावर उत्तररंगात आख्यान येते. ते पुराणातले असेल, लोककथेतले असेल किंवा एखाद्या वीराचेही असेल. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा सांगत असताना त्याचा जोडीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारून हशा पिकवतो, आणि हा भाग इतका रंगतो की पाहुण्यांना तोच खरा कार्यक्रम वाटू लागतो. मात्र शेवट आरतीनेच होतो. यजमानाच्या दृष्टीने गोंधळ ‘रंगला’ यापेक्षा तो ‘पार पडला’ याला महत्त्व असते.

शाहिराला असा चौकही नको आणि घराण्याचा वारसाही नको. पेशवाईतील नामांकित शाहिरांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. राम जोशी, अनंत फंदी आणि प्रभाकर हे ब्राह्मण होते, होनाजी गवळी, परशराम शिंपी आणि सगनभाऊ मुसलमान. कोणत्या घरात जन्म झाला यापेक्षा कवन रचता येते का आणि जमाव धरून ठेवता येतो का, यावर त्यांची कीर्ती ठरत असे. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो, पुष्कळदा गुरूचे आणि गावाचेही. गोंधळी ज्या अधिकाराने गातो तो देवीकडून आणि कुळाकडून आलेला असतो, तर शाहीर स्वतःच्या नावावर गातो. त्यामुळेच त्याचा विषय काळाबरोबर मोकळेपणाने बदलत गेला. महात्मा फुल्यांनी 1869 मध्ये शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहून त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला आणि पुढे अमर शेख, गव्हाणकर यांच्यासह कामगारवस्त्या व संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दणाणून सोडल्या. गोंधळाच्या चौकापुढे स्टालिनग्राडची कल्पनाही करवत नाही, आणि त्यात गोंधळाचे उणेपण मुळीच नाही.

कानाला फरक सर्वांत आधी कळतो तो वाद्यांवरून. तुणतुणे आणि झांज दोघांकडे असू शकतात, पण संबळ गोंधळ्याचा आणि डफ शाहिराचा. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली, एक लहान व एक मोठी अशी भांड्यांची जोडी असून ती दोन काड्यांनी वाजवतात. तिचा आवाज बंद खोलीत छातीवर आदळतो. डफ एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने वाजवायचा असतो, आणि कातडे सैल पडले तर कार्यक्रमाआधी ते शेकून ताणून घ्यावे लागते. डफाच्या थापेवर शाहीर शब्द फेकतो, मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ने तो उचलतात, तेवढ्या उसंतीत शाहीर श्वास घेतो आणि पुढच्या ओळीची तयारी करतो. कडव्यांच्या मधे येणारे वेगवान गद्य निवेदनही याच उसंतीवर पेलते. गोंधळ्याच्या अंगावर लांब झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ असते, शाहिराच्या अंगावर बाराबंदी किंवा अंगरखा आणि कमरेला शेला. अर्थात हल्लीच्या रंगमंचावर वेशाची सरमिसळ इतकी झाली आहे की केवळ कपड्यांवरून निवाडा करू नये. रंगमंचावर चार मिनिटांत सादर होणारा, चौक न मांडलेला ‘गोंधळ’ हे बहुतेक वेळा गोंधळाच्या चालीवरचे समूहनृत्य असते. ते पाहायला झकास असते, पण त्याला विधी म्हणता येत नाही.

ठाण्यात आणखी एक भर पडते. कोकणातल्या मंडळांच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत समोरासमोर उभे राहणारे गायकही शाहीरच म्हणवतात. त्यांची सवाल-जबाबाची परंपरा कलगी-तुऱ्याशी, म्हणजे कलगी आणि तुरा या दोन पक्षांतल्या गाण्याच्या चढाओढीशी, नाते सांगणारी आहे, त्यामुळे शिवजयंतीच्या पोवाड्यासाठी शाहीर ठरवताना तो कोणत्या परंपरेतला, एवढे आधी विचारून घेणे शहाणपणाचे.

बोलावणाऱ्यांसाठी फरक अगदी व्यावहारिक आहे. शाहिराला उंच व्यासपीठ, चांगला ध्वनिक्षेपक आणि समोर मोकळे मैदान लागते. गोंधळ्याला ध्वनिक्षेपक नसला तरी चालतो, पण दिवटी पेटवता येईल अशी जागा लागते. बहुमजली इमारतीतल्या दिवाणखान्यात धुराचा आणि पडद्यांचा प्रश्न येत असल्याने आता पुष्कळ कुटुंबे गच्चीवर किंवा वाहनतळाच्या मोकळ्या भागात गोंधळ घालतात. रात्रभर चालणारा हा विधी शहरात संध्याकाळच्या दोन-तीन तासांत बसवावा लागतो आणि ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ची मर्यादा असल्याने पोवाड्याचेही तेच होते. वेळ कमी पडला तर दोघे काय गाळतात, हे मात्र पाहण्यासारखे असते. गोंधळी आख्यान आखडते घेतो, पण आवाहनातले एकही दैवत सोडत नाही. शाहीर नमन दोन ओळींत उरकतो आणि थेट प्रतापगडाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो.