प्रोस्टेट कर्करोगाच्या हॉर्मोन उपचारानंतर रेंगाळणाऱ्या गरम वाफा

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कर्करोगासाठी हॉर्मोनची इंजेक्शने घेतलेल्या किंवा वृषणे काढलेल्या पुरुषाला छातीतून मानेकडे आणि चेहऱ्याकडे एकाएकी उष्णतेची लाट चढते, पाठोपाठ दरदरून घाम सुटतो आणि शेवटी हुडहुडी भरते. वैद्यकात याला हॉट फ्लश म्हणतात. सांगली-मिरजेकडे ‘अंगातून वाफा निघतात’ असे सांगितले की समोरच्याला नेमके कळते. एक वाफ बहुधा दोन ते पाच मिनिटे टिकते, क्वचित त्याहून जास्त. कुणाला दिवसातून दोनदा येते, कुणाला दहा-बारा वेळा. उपचार चालू असताना बहुसंख्य रुग्णांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास होतो. इंजेक्शने संपल्यावरही तो महिनोन्महिने राहतो, आणि याची कल्पना रुग्णाला आधी दिलेली नसली की ‘आजार उलटला की काय’ या धास्तीने घर हवालदिल होते. वाफा येणे हे आजार उलटल्याचे लक्षण नाही.

प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या वृषणांत तयार होणाऱ्या पुरुषी हॉर्मोनवर पोसतो, हे अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्या कामाला १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टेस्टोस्टेरॉन बंद करण्यासाठी वृषणे काढतात किंवा ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन, डेगारेलिक्स यांपैकी एखादे इंजेक्शन देतात. पुरुषाच्या शरीरातले इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोनही बहुतांशी टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते, त्यामुळे एक आटले की दुसरेही आटते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र आहे. एरवी ते तापमानातला थोडा चढउतार चालवून घेते. हॉर्मोन आटल्यावर त्याची ही सहनशक्ती फार कमी होते. गरम चहाचा घोट, अंगावरचे घोंगडे, नुसता चढलेला आवाज एवढ्यानेही ते शरीर तापल्याचा चुकीचा निर्णय घेते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल सोडते आणि घाम काढते. शरीर मुळात तापलेले नसल्याने या खटाटोपात उलट थंड पडते; शेवटची हुडहुडी त्यामुळेच. वाफ आलेली असताना काखेत थर्मामीटर लावला तर ताप दिसत नाही, तोही याच कारणाने.

शेवटच्या इंजेक्शनची तारीख म्हणजे उपचार संपल्याची तारीख नव्हे. तीन महिन्यांचे इंजेक्शन १ जानेवारीला घेतले असेल तर त्याचा अंमल निदान एप्रिलपर्यंत असतो. वृषणांचे काम पूर्ववत होण्याचा काळ तिथून पुढे मोजायचा. सहा महिने उपचार झालेल्यांत टेस्टोस्टेरॉन बहुधा काही महिन्यांत ते वर्षभरात वर येते. दोन-तीन वर्षे इंजेक्शने घेतलेल्यांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना त्याहून बराच वेळ लागतो. काहींची पातळी पूर्वीइतकी कधीच होत नाही. वृषणे काढलेल्यांत तर ती वर येण्याचा प्रश्नच नाही, वाफा मात्र काळाच्या ओघात बऱ्याच जणांत विरळ होतात. फार दिवस त्रास राहिला तर पीएसएबरोबर (प्रोस्टेटच्या आजारावर लक्ष ठेवण्याची रक्ततपासणी) सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करावी. आकडा ५० नॅनोग्राम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर इंजेक्शनचा अंमल अजून आहे किंवा वृषणांचे काम अजून पूर्ववत झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पातळी वाढावी म्हणून परस्पर टेस्टोस्टेरॉन घेणे धोक्याचे आहे. ताकदीची म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि गोळ्या घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

प्रत्येक घाम या उपचाराच्या खाती टाकू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि घामाबरोबर हात थरथरत असतील, भूक लागली असेल, तर ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ७० च्या खाली असेल तर आधी साखर-पाणी. रोज संध्याकाळी थर्मामीटरवर ताप दिसतो, वजन उतरते, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे, तर क्षयाची तपासणी करावी. घामाबरोबर छातीत दाब किंवा धाप असेल तर थेट दवाखाना गाठावा.

‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा, वाळ्याचे पाणी, कोकम सरबत घेतले जाते. त्याने अपाय नाही, पाणीही पोटात जाते. पण बिघाड मेंदूतल्या केंद्रात असल्याने वाफा त्यामुळे थांबत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी सरबतातली साखर आणि गुलकंद टाळावा. खरा उपयोग होतो तो वाफ कशाने सुटते हे ओळखण्याचा. दोन आठवडे वहीत वेळ, आधी काय खाल्ले-प्याले आणि वाफ किती मिनिटे टिकली एवढेच लिहावे. बहुतेक वह्यांत कढत चहा, झणझणीत रस्सा किंवा खर्डा, दारू आणि बंद खोली यांपैकी काहीतरी सापडते. चहा सोडावा लागत नाही, कोमट करून प्यावा लागतो.

रात्रीची सोय बारकाईने करावी, कारण खरा छळ झोपमोडीचा असतो. पहाटे दोनला बंडी पिळून काढण्याइतकी भिजते, उशीचा अभ्रा ओला होतो आणि पुढच्या पाच मिनिटांत दात वाजू लागतात. एका जाड रजईऐवजी दोन पातळ सुती चादरी घ्याव्यात, म्हणजे एक सारता येते. उशाशी कोरडी बंडी, पंचा आणि पाण्याचा तांब्या असावा. ओली बंडी अंगावरच सुकू देऊ नये. शेतीची वीज रात्रपाळीची असली की थंडीत उसाला पाणी द्यायला जावे लागते; अशा वेळी एका जाड स्वेटरपेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ कपडे बरे. एप्रिल-मे महिन्यांत सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडीकडे उन्हाची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत. वाफ चढू लागताच बसून पाच-सहा मिनिटे संथ, पोटातून श्वास घेतल्याने काहींच्या वाफेचा जोर कमी होतो. रोजचे चालणे ठेवावे. वाफांवर त्याचा फरक पडो न पडो, याच उपचाराने ठिसूळ होणाऱ्या हाडांना ते हवेच.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत, आणि ती मागण्यात संकोच नको. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन दिवसाला २० मिलिग्राम, सुरुवातीला दहा आठवडे, हा परिणामकारक उपाय आहे. पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते टाळतात. सायप्रोटेरॉन चालते, पण यकृतावर लक्ष ठेवावे लागते. व्हेनलाफॅक्सिनचा गुण मध्यम. त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि ते एकदम बंद करता येत नाही. रात्रीच्या वाफांना गॅबापेंटिन देतात, चक्कर येऊन पडण्याचा धोका ध्यानात ठेवून. ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्राम दिवसातून दोनदा दिल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो, पण तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, वयस्कांना भ्रम होऊ शकतो. लघवी तुंबण्याची तक्रार असलेल्याला ते देताना फार जपावे लागते. कोणते औषध, हे म्हणूनच बाकीच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी समोर ठेवून ठरवावे.

हे सारे अडते ते न बोलण्याने. पाळी जाताना बायकांना होणारा त्रास आपल्याला होतो, याची पुरुषाला लाज वाटते. तपासणीच्या दिवशी मिरजेला जाऊन पीएसएचा आकडा ऐकून माणूस परत येतो, वाफांचा विषय निघतच नाही. सोबत आलेल्या पत्नीने किंवा मुलाने वही पुढे करावी. आणि उपचार अजून चालू असेल तर त्रासाला कंटाळून पुढचे इंजेक्शन परस्पर चुकवू नये. ते कधी थांबवायचे किंवा मध्ये खंड घ्यायचा का, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे असते.