फ्लेअर कधी पेटावा?

हवाई दल दिनाची कवायत आमच्या पेठेतल्या तालमीत टीव्हीवर लावली होती. विमानाच्या पोटाखालून लखलखत्या ठिणग्यांची रांग सुटली, तसं एका पोरानं विचारलं, "काका, ह्यो भुईनळाच हाय न्हवं?" हवाई दलात विमानांवर शस्त्रं चढवण्याच्या कामावर असलेले शेजारचे काका म्हणाले, "तसंच समज बाळा. पर कवा पेटतंय, त्येच्यावर सगळं."

रात्र उजळणाऱ्या फ्लेअरची, म्हणजे विमानातून सोडलेल्या पेटत्या नळकांड्याची, दारू फारशी गूढ नाही. मॅग्नेशियमची पूड डोळे दिपवणारा पांढरा उजेड देते, सोडियम नायट्रेट तिला ऑक्सिजन पुरवतं. दशकानुदशकं हीच जोडी चालली. खरी झटापट झाली ती वेळ ठरवण्याची. विमानाला चिकटून पेटला तर विमान गेलं, फार खाली पेटला तर उजेड जमिनीवर वाया.

सुरुवातीला तोफगोळ्यांकडून उसना घेतलेला उपाय होता: गोल कडीतल्या खाचेत ठासलेली बारूद. कडी फिरवली की जळायची वाट लांब किंवा आखूड व्हायची. म्हणजे शेवटी वातच. दिवाळीत वात दमट निघाली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात विमानविरोधी तोफांना आणखी एक अडचण भेटली. उंचावर हवा विरळ झाली की ही बारूद मंद जळते आणि हिशेब चुकतो. त्यातून घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारे फ्यूज, म्हणजे ठरल्या वेळी दारू पेटवणारे खटके, पुढे आले.

महाद्वार रोडवर एका घड्याळजींनी मला गजराचं जुनं घड्याळ उघडून दाखवलं होतं. गुंडाळलेली स्प्रिंग सुटायला धडपडते आणि एक इवलासा खटका दातेरी चाकाला एकेक दात करूनच पुढे सोडतो. फ्यूजमधल्या घड्याळाचं तत्त्व हेच. फक्त त्याला एकदाच चालायचं असतं, तेही गोळा सुटतानाचा हिसका बसल्यानंतर.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न जिवावर आला. ऑगस्ट १९४१ मधल्या बट अहवालाने ब्रिटिशांना धक्का दिला: रात्री लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानंच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. वर्षभराने वाट दाखवणारं पाथफाइंडर दल उभं राहिलं आणि जानेवारी १९४३ मध्ये बर्लिनवर रंगीत खुणेचे बॉम्ब पहिल्यांदा पडले. त्यांचा फ्यूज हवेच्या दाबावर चालायचा. साधारण तीन हजार फुटांवर बॉम्ब फुटे आणि साठेक पेटत्या कांड्या झुंबरासारख्या खाली येत. विमान कितीही उंचावरून सोडो, पेटण्याची उंची ठरलेली. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते, आणि तिच्या उजेडात शहरं जळली हेही विसरता येत नाही.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा मार्क-२४ हा पॅराशूटचा फ्लेअर वापरात होता. दोरी ओढली की टायमर सुरू होई, काही सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडे, मग पेट घेई आणि सुमारे तीन मिनिटं वीस लाख मेणबत्त्यांएवढा उजेड. पण एकदा ओढलेली दोरी मागे घेता येत नसे. २६ ऑक्टोबर १९६६ रोजी ओरिस्कनी या विमानवाहू जहाजावर एक फ्लेअर हातातच सुरू झाला आणि घाबरून तो फ्लेअरच्याच कोठारात फेकला गेला. ४४ माणसं गेली.

२४ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री तोफगोळ्याने हादरलेल्या एसी-४७ विमानात असाच एक फ्लेअर सुटा होऊन दारूगोळ्यात घरंगळू लागला. चाळीसहून अधिक जखमा झालेला जॉन लेव्हिटॉ त्यावर अंग टाकून, सरपटत, त्याला दारापर्यंत ओढत गेला. बाहेर ढकलताच फ्लेअर पेटला. टायमरने दिलेले ते मोजके सेकंद त्याने पुरेपूर वापरले. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. नंतरच्या एलयूयू-२ फ्लेअरच्या तबकडीवर फुटांचे आकडे आले. किती खाली गेल्यावर पेटायचं ते थेट लावायचं, सेकंदांचं गणित वैमानिकाच्या डोक्यावर नको.

टीव्हीवर दिसलेल्या ठिणग्या मात्र वेगळ्या घराण्यातल्या. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर साइडवाइंडर क्षेपणास्त्रं लढाईत उतरली. ती इंजिनाच्या उष्णतेचा माग काढतात. त्यांना चकवायला मॅग्नेशियम, टेफ्लॉन आणि व्हायटॉन नावाच्या कृत्रिम रबराचा फ्लेअर आला. त्याला पॅराशूट नाही. क्षणात भडकायचं आणि काही सेकंदांत संपायचं. आता तर वेळेचा खेळ उलटा फिरला आहे: उष्णता किती झटकन वाढली यावरूनही नवी क्षेपणास्त्रं चकवा ओळखू पाहतात, म्हणून फ्लेअर कोणत्या क्रमाने, किती अंतराने सोडायचे हे संगणक ठरवतो.

पोराने विचारलं, हे नसलं तर? काकांनी कारगिलचं सांगितलं. २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर स्टिंगरने, म्हणजे खांद्यावरून डागायच्या उष्णतेमागे जाणाऱ्या क्षेपणास्त्राने, पाडलं, चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडण्याची सोय नव्हती. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं तिथल्या हल्ल्यांतून मागे घेतली गेली.