बूड टेकलेला हिमनग

१९८६ साली अंटार्क्टिकाच्या फिल्चनर हिमपट्ट्याचा, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थराचा, एक अजस्र तुकडा तुटला. त्यातूनच ‘ए-२३ए’ नावाचा हिमनग आला. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. हा त्याहून थोडा मोठाच. त्यावर सोव्हिएत संशोधकांचा तळ होता. तिथलं सामान काढून आणायला खास मोहीम धाडावी लागली!

हिमनगाचं बर्फ समुद्राचं पाणी गोठून झालेलं नसतं. शेकडो-हजारो वर्षं पडलेला हिम स्वतःच्याच भाराने दबून घट्ट होतो, हिमनदी होऊन किनाऱ्याकडे सरकतो आणि घराचा सज्जा पुढे यावा तसा समुद्रावर तरंगत राहतो. हा सज्जा तुटला की हिमनग. म्हणून तो गोड्या पाण्याचा. दाबात कोंडलेली हवा आत असते, त्यामुळे त्याचा खडा पाण्यात टाकला तर तडतडतो. अंटार्क्टिकाचे मोठे हिमनग टोकदार नसतात. पाचगणीच्या टेबललँडसारखे, वर सपाट आणि कडा उभ्या कापलेल्या.

त्यातलं जवळजवळ नऊ दशांश बर्फ पाण्याखाली. त्यामुळे एवढ्या मोठ्या धुडाला वाऱ्यापेक्षा प्रवाह जास्त ओढतो, आणि समुद्राचा तळही सोडत नाही. ‘ए-२३ए’चं बूड अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात टेकलं, ते तीस वर्षांहून अधिक काळ. झिजून पातळ झाल्यावर २०२०च्या सुमारास तो हलला.

२०२४ मध्ये तळाने त्याला पुन्हा धरलं, तेही न शिवता. ओढ्यातल्या बुडालेल्या धोंड्यावरून पाणी सहज ओसंडून जातं. समुद्रातल्या रुंद उंचवट्यापाशी मात्र पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाह वर न चढता बाजूने वळसा घालतो, आणि उंचवट्याच्या माथ्यावर पाण्याचा एक स्तंभच गोल फिरत राहतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९२०च्या दशकात प्रयोगातून दाखवलेला हा स्तंभ. दक्षिण ऑर्कनी बेटांजवळ आपला हिमनग नेमका त्यात सापडला आणि कित्येक महिने जागच्या जागी गिरक्या घेत राहिला: दिवसाला सुमारे १५ अंश, म्हणजे एका फेरीला २४ दिवस. घाई कसलीच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये तो सुटला. मार्च २०२५ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाजवळ उथळ पाण्यात त्याचं बूड पुन्हा टेकलं. पुढे उबदार पाण्यात कडेचे मोठमोठे तुकडे निखळू लागले, आणि त्यांच्या नावांना वेगळी अक्षरं जोडावी लागली.