तळहातावरचा नारळ

काटोलच्या पुढे मामाजींचं संत्र्याचं वावर आहे. वैशाखात तिथली दुसरी बोअर फेल गेली. तिसरीची जागा दाखवायला गावातले पाणी पाहणारे काकाजी आले. सत्तरी ओलांडलेले आणि अनवाणी. तळहातावर शेंडीवाला नारळ आडवा ठेवून ते धुऱ्याधुऱ्यानं चालू लागले. कडूनिंबापासून चारेक पावलांवर नारळ थरथरला आणि सरळ उभा राहिला.

"पाह्य बापू," काकाजी म्हणाले, "मी काई करत नाई. जमीनच करते."

मी अगदी जवळ जाऊन त्यांचा हात पाहिला. बोटं ताठ होती आणि अंगठ्याच्या बुडाशी एक बारीक शीर उडत होती. चेहऱ्यावर खोटेपणा कुठेच नव्हता. या कामाचा ते एक पैसाही घेत नाहीत. नारळ फोडतात, खोबरं वाटतात, घरी जातात. अशा माणसाला भोंदू म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, आणि विज्ञानही तसं म्हणत नाही.

काकाजींच्या हातात जे घडलं त्याचा शोध फार जुना आहे. १८३३ मध्ये फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी दोऱ्याला टांगलेल्या लंबकावर केलेले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लंबक हलणार असं मनात असलं की तो हलायचा, डोळ्यांवर पट्टी बांधली की थांबायचा. १८५२ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कारपेंटर यांनी या क्रियेला आयडिओमोटर असं नाव दिलं. मनात आलेली अपेक्षा स्नायूंपर्यंत पोहोचते, पण आपण हात हलवला हे आपल्यालाच कळत नाही. तळहातावरचा नारळ किंवा दोन हातांत ताणून धरलेली उंबराची बेचकी मुळातच डळमळीत असते. केसभर हालचाल तिला पुरते. ती हालचाल आपली आहे हे धरणाऱ्याला जाणवत नाही, म्हणून ती जमिनीची वाटते.

मी संकोचत विचारलं, "काकाजी, डोळ्यांवर दुपट्टा बांधून चालाल का?"

"चालीन ना!"

मामेभावानं त्यांचा दंड धरला आणि वावरभर आडवंतिडवं फिरवलं. नारळ पाच वेळा उठला आणि पाचही वेळा मी तिथे चुन्याची खूण केली. दुपट्टा सोडल्यावर काकाजींनी त्या खुणा पाहिल्या. पाच खुणा पाच ठिकाणी होत्या, आणि कडूनिंबाजवळ एकही नव्हती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोये झाकले तं जमीन बोलत नाई, बापू."

एका दुपारच्या पाच खुणांवरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे. पण हीच परीक्षा जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाली. सुमारे ५०० पाणाड्यांमधून निवडलेले ४३ जण एका कोठाराच्या वरच्या मजल्यावर चालायचे आणि खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप दर वेळी जागा बदलायचा. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना काही पाणाड्यांमध्ये खरं कसब दिसलं. पण १९९९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे नव्यानं तपासले, तेव्हा ते अंदाजपंचे सांगण्यापेक्षा वरचढ ठरले नाहीत.

मग काकाजींनी दाखवलेल्या इतक्या विहिरींना पाणी कसं लागलं? उत्तर त्यांच्याच वाक्यात आहे: डोळे झाकले तर जमीन बोलत नाही. साठ वर्षं ते हीच जमीन पाहत आले आहेत. नाला कुठून वळतो, कोणतं झाड चैत्रातही हिरवंगार राहतं, वारूळ कुठे आहे, मुरूम कुठे उघडा पडलाय, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत साठलेलं आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या दकार्गल या अध्यायात याच खुणा लिहून ठेवल्या: उंबर, जांभूळ, अर्जुन, आणि झाडाशेजारचं वारूळ. खोल मुळांची झाडं ओलाव्याच्या आधारानं वाढतात, त्यामुळे या निरीक्षणातल्या काही भागाला आजही अर्थ आहे. काकाजींची विद्या त्यांच्या नजरेत आहे. श्रेय मात्र नारळाला जातं.

दुसरं कारण खडकाचं आहे. नागपूरच्या पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा हा सगळा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा मुलूख. शहरातला सीताबर्डीचा किल्लाही त्याच खडकाच्या टेकडीवर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर असा पसरत गेला. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झाला आणि पोट मात्र घट्ट राहिलं. वरचा खडक झिजून मुरूम झाला. पावसाचं पाणी याच मुरमात आणि खालच्या भेगांत थांबतं. म्हणून उथळ, रुंद विहीर बहुतेक जागी थोडंफार पाणी देतेच. सहा इंची बोअरचं तसं नसतं, ती भेगेवर बसली तर बसली. पूर्वी नारळानं दाखवलेल्या जागी विहिरी खणायचे, आता बोअर मारतात. नारळ तोच आहे, खाली जाण्याची पद्धत बदलली आहे. आणि लागलेली विहीर गावाच्या लक्षात राहते, फेल गेलेली बोअर माणूस दगड टाकून बुजवतो आणि विसरतो.

जमिनीत ऊर्जा असते, असं काकाजी म्हणतात. मीही म्हणतो. विहिरीचं पाणी मे महिन्यात गार आणि पौषात कोमट लागतं, कारण काही मीटर खाली वर्षभर तापमान जवळजवळ एकसारखं असतं. विजेचे मंद नैसर्गिक प्रवाह जमिनीतून सतत वाहत असतात. जमिनीचा विद्युतरोध मोजून आतलं चित्रही काढता येतं, आणि तो प्रयोग आम्ही त्याच वावरात केला.

चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकल्या. जमीन कोरडीठाक, म्हणून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनमध्ये विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब नेऊ, तितका प्रवाह खोल उतरतो. फ्रान्सचे कॉनराड श्लुम्बर्गर यांनी १९१२ च्या सुमारास ही वाट घालून दिली. ओला, झिजलेला खडक विजेला सहज वाट देतो, घट्ट पाषाण अडवतो. पण काळी चिकणमातीही वीज सहज वाहू देते आणि तिच्यातून पाणी सुटत नाही, त्यामुळे आकड्यालाही आंधळेपणानं मानायचं नसतं. कडूनिंबाखाली खोल जाताना विद्युतरोधाचा आकडा आधी थोडा उतरला आणि मग चढतच गेला. मुरूम संपून पाषाण लागला होता. तिथे तिसरी बोअर मारायची नाही, असं मामाजींनी ठरवलं.

मला खरी आस्था आहे ती पुढच्या हिशोबाची, कारण गावाचं स्वावलंबन तिथेच ठरतं. एक हेक्टरवर १,००० मिलिमीटर पाऊस पडला की १ कोटी लिटर पाणी येतं. नागपूरकडे साधारण इतका पाऊस होतो. बेसाल्टात त्यातला दहा टक्क्यांच्या आसपास भाग मुरतो असं धरू, म्हणजे १० लाख लिटर. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या हेक्टरी बागेत संत्र्याची २७७ झाडं बसतात. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला १०० लिटर धरले, तरी रोज २७,७०० लिटर लागतात. वर्षभराची मुरलेली सगळी कमाई ३६ दिवसांत संपते. तेही शेजाऱ्यानं ओढलं नाही आणि नाल्याला गेलं नाही तर! पलीकडे वरुड-मोर्शीत भूजलाचा उपसा मुरणाऱ्या पाण्याच्या पुढे गेला आहे. अशा वेळी आणखी खोल बोअर मारणं म्हणजे एकाच माठाला आणखी एक तोटी बसवणं.

माठ भरायचा असेल तर पाणी अडवावं लागतं. पूर्व विदर्भात गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले हजारो तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात, हे याच जाणिवेतून झाले. त्यांच्या पाळीवर देव आहेत आणि सांडव्याची उंची मात्र नेमकी मोजलेली. गाडगेबाबाही याच विदर्भातले. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन, आणि कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. शेवटी "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला" याच गजरात सगळे डोलायचे. भक्ती आणि चौकशी एका फडावर नांदू शकते, हे इथल्या माणसाला नव्यानं शिकवावं लागत नाही.

मृगाच्या आधी मामाजींनी जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरणाचा खड्डा खोदला. खाली मोठे दगड, मग गिट्टी, वर रेती. नाल्याचं पाणी गाळून विहिरीत उतरावं म्हणून. पूजेला काकाजींना बोलावलं. त्यांनी तोच नारळ खड्ड्याच्या काठावर फोडला, पाणी चारी बाजूंना शिंपडलं आणि खोबरं वाटलं. मीही हात जोडले.

मोटारघराच्या भिंतीवर मामाजी आता दर सोमवारी कोळशानं पाण्याची पातळी लिहितात. फीत विहिरीत सोडायची आणि ओली झालेली खूण वाचायची. पहिल्या सोमवारी काठापासून ४७ फूट होती. आषाढ सरता सरता ३१. मी तिथे होतो त्या दिवशी काकाजी आले. फीत स्वतःच्या हातानं खाली सोडली, वर ओढली आणि डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "अठ्ठावीस. लिही बापू."